अकरा नंबरच्या तीन नोंदी

आधीच सांगते, मी या लाइनीतली नाही. अमावस्या, सावल्या, पाठीमागून आलेली हाक... असलं काही ऐकलं की मला हसूच यायचं. आमच्या घरात कोणाला ताप आला की अम्मी अजूनही मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकते आणि सगळ्या घराला ठसका लावते. मी तिला म्हणायचे, अम्मी, नजर जाईल की नाही माहीत नाही, पण अब्बांचा दमा मात्र नक्की उठेल. या ग्रुपवरसुद्धा मी चार वर्षं नुसती वाचत आले. निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात निदानंही देऊन टाकली — झोपेतला भास, ताप, दारू, वगैरे. आता माझी पाळी आहे, आणि माझ्याकडे निदान नाही.

हे वाचून कोणी फारसं घाबरणार नाही. घडलं ते भरदुपारी, माणसांनी भरलेल्या वॉर्डात. मलाही भीती कमीच वाटली. लाज जास्त वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

घडलं कोल्हापुरात, एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये. नाव विचारू नका. कोल्हापूरकरांनी ओळखायचा खटाटोपही करू नये, खाणाखुणा मी बदलल्या आहेत. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, दुसरा मजला, तीस खाटा. मी तिथे एमडी करत होते, पहिल्या वर्षाला. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट म्हणजे वॉर्डातलं सगळ्यात खालचं गाढव. रक्त काढायचं त्यानं, रिपोर्टच्या मागे पळायचं त्यानं आणि राउंडला शिव्याही खायच्या त्यानंच. छत्तीस-छत्तीस तासांची ड्युटी. सकाळची आंघोळ राउंडच्या आधी झाली तर तो दिवस चांगला म्हणायचा. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. याच कारणावर मी दोन वर्षं स्वतःला माफ करायला बघत होते, ते काही जमलं नाही.

आता आमच्यातली एक पद्धत सांगते. चारचौघांत सांगू नये, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जे पेशंट नाजूक असतात त्यांचं बीपी आणि नाडी दर दोन तासांनी पाहून एका कागदावर लिहायची असते. तीस खाटांमध्ये असे आठ-दहा जण, आणि बघायला मी एकटी. मग काय व्हायचं, तर बारा वाजताच दोनची, चारची आणि सहाची नोंद एकदम भरून टाकायची. आम्ही त्याला 'ॲडव्हान्स बुकिंग' म्हणायचो. मला हे शिकवलं आमच्या युनिटच्या तिसऱ्या वर्षाच्या सीनियरनं, निखिल सरांनी, मी रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. "कागद पूर्ण असला की कोणी काही विचारत नाही," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हेत ते. त्यांना त्यांच्या सीनियरनं तेच शिकवलं होतं.

यातही कला असते बरं का. सगळीकडे एकच आकडा टाकला तर चोरी लगेच दिसते. म्हणून एकदा १३०/८०, मग १२६/८०, मग १२८/७८, असं जरा खालीवर मांडायचं. पुढे 'पेशंट स्थिर' लिहायचं आणि सही ठोकायची. मी यात फार लवकर तरबेज झाले.

अकरा नंबरच्या खाटेवर राधानगरीच्या पलीकडचे एक बापू होते. साठी उलटलेली, अंग वाळलेलं आणि पाय तेवढे सुजून खांबासारखे झालेले. जुन्या मधुमेहानं किडन्या खाल्ल्या होत्या. घरी दोन म्हशी होत्या, त्यांचं दूध डेअरीला घालायचे. सोबत त्यांची बायको, शांताक्का. आम्ही डॉक्टर त्यांना 'अकरा नंबर' म्हणायचो, तेही त्यांच्यासमोर. मी खाटेशी गेले की ते एकच विचारायचे, "मॅडम, घरला कवा सोडतासा? म्हशी दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हाईत." मी म्हणायचे, बघू. आणि म्हणता म्हणता बारा नंबरकडे वळलेली असायचे.

तो रविवार होता. त्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीची, सनाची मंगनी होती. मुलगा नेसरीचा. कार्यक्रम शहराबाहेरच्या एका हॉलमध्ये, हॉस्पिटलपासून स्कूटीवर पंचवीस मिनिटांवर. रजा मागितली होती, ती मिळाली नाही. अम्मी फोनवर रडली. अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, सनाचा कपड्यांचा जोडा त्यांनी स्वतः शिवला होता. ते रडले-बिडले नाहीत. "बघ, जमलं तर," एवढंच म्हणाले, आणि तेच जास्त लागलं.

मी ठरवलं, एक ते तीन. दोन तासांत काय होतंय? माझ्याच वर्षाचा अमित खाली कॅज्युअल्टीत होता. वॉर्डातून फोन आला तर घे, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जा बिनधास्त. बिर्याणी तेवढी आण."

बारा वाजता नोंदी भरायला बसले. अकरा नंबरच्या खाटेजवळ उभं राहूनच त्यांचा कागद भरला. दोन वाजता स्थिर, चार वाजता स्थिर, सहा वाजता स्थिर. बापू माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, जीव जरा घाबरल्यागत होतोय." यावर मी काय म्हणाले ते आजवर घरात किंवा बाहेर कोणालाही सांगितलेलं नाही. कागदावरून मान वर न करता मी त्यांना म्हणाले, "पडून राहा, वाटेल बरं."

सकाळी दहाला त्यांचं रक्त तपासायला गेलं होतं. रिपोर्ट एव्हाना तयार असणार होता. लॅब तळमजल्यावर, जिन्याला लागूनच. स्कूटीकडे जाताना मी त्या दारावरूनच गेले. दार उघडं होतं. दोन मिनिटांचं काम. म्हटलं, आल्यावर बघू.

हॉलवर गेल्यावर मला कोण सोडतंय! मुलाचे चुलते दारातच आडवे झाले. "डॉक्टरीणबाई आल्या व्हय? जेवल्याबगर जायचं न्हाय पावणं, आधीच सांगतो." जेवण झालं, मग अंगठी, मग पेढे. तीन वाजता मामेबहिणींनी धरून बसवलं आणि डाव्या हातावर मेंदी काढली. फोन पर्समध्ये, सायलेंटवर. चार वाजून दहा मिनिटांनी सगळ्या घराचा फोटो काढला. त्यात मी सनाच्या शेजारी उभी आहे, तोंडभर हसतेय. त्या फोटोवरची वेळ नंतर मी किती वेळा पाहिली असेल याला गणती नाही.

सहाच्या सुमाराला पर्स उघडून फोन बाहेर काढला. फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता. पहिल्यांदा वाटलं, सुटले. स्कूटी सुरू केल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. तीस खाटांचा वॉर्ड, पाच तास, आणि एकही फोन नाही? असं कधी झालं नव्हतं. इतर वेळी दहा मिनिटं संडासात बसले तरी तीनदा हाका यायच्या.

पावणेसातला वॉर्डात शिरले. अंगावर मंगनीचे जरीचे कपडे आणि त्यावर घाईनं चढवलेला एप्रन. माने सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी होत्या. पंचवीस वर्षं याच वॉर्डात काढलेली बाई, डॉक्टरांच्या चार पिढ्यांना इंजेक्शन द्यायला शिकवलेली. वर न बघताच म्हणाल्या, "झाला का चहा?"

"कसला चहा?"

"आत्ता तर म्हणालासा की, चहा घेऊन येते म्हणून." मग त्यांनी वर बघितलं. कपडे बघितले. माझ्या डाव्या हाताकडं बघून हसल्या. "चहाला गेलतासा का मेंदी काढायला?"

आणि हसता हसता थांबल्या. माझी मेंदी वाळून निम्मी झडली होती, खाली रंगही चढला होता. ते काही पंधरा मिनिटांत होत नाही, हे कोणत्याही बाईला कळतं. त्या एकदा माझ्या हाताकडे आणि एकदा तोंडाकडे बघत राहिल्या. मग ट्रॉली ढकलत पलीकडे गेल्या. त्यांनी तो विषय नंतर कधीच काढला नाही, आणि मीही काढला नाही.

अकरा नंबरला मॉनिटर लावलेला होता. हाताला सलाईन, शेजारी निखिल सर उभे. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. पण बापूंचे डोळे उघडे होते. सर वळले आणि चक्क हसले.

"पोटॅशियम सात पॉइंट दोन," ते म्हणाले. "आणि एकटीनं सांभाळलंस? मी आत्ता वर आलो, तर सगळं झालेलं. मला फोन तरी करायचास ना, मुल्ला."

डॉक्टर नसलेल्यांसाठी सांगते. किडनी बंद पडली की रक्तातलं पोटॅशियम साठत जातं, आणि ते इतकं वाढलं की हृदय कोणत्याही क्षणी थांबतं. फारसा इशारा मिळत नाही. कधी कधी माणसाला नुसता जीव घाबरल्यासारखा होतो, बस.

मी तो कागद हातात घेतला. माझ्या तिन्ही खोट्या नोंदी जागच्या जागी होत्या, पण प्रत्येकीवरून एक रेघ मारलेली होती. एकच, सरळ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी छोटी सही. नोंद दुरुस्त करायची ती अशीच, गिरवून लपवायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी ते एकदाही केलेलं नव्हतं. रेघांच्या वर खरे आकडे होते. दोन वाजता नाडी ४४, बीपी ८६/५०. चारला नाडी ६०. सहाला ७२. मधल्या जागेत ईसीजी कधी काढला, रिपोर्ट कधी पाहिला, कोणतं इंजेक्शन किती मिनिटांत दिलं, सगळं ओळीनं लिहिलेलं होतं. अक्षर माझं, सहीसुद्धा माझीच. माझा सातचा आकडा घाईत जसा तिरका पडतो, तसाच पडलेला. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की हे माझं नव्हे. पण ते माझंच होतं.

निखिल सर हळू आवाजात म्हणाले, "आधी भरून ठेवलं होतंस ना? आणि मग जाऊन खरं पाहिलंस, आणि स्वतःचंच लिहिलेलं खोडलंस. याला हिंमत लागते. मला नसतं जमलं."

इथे बोलायला हवं होतं. एवढंसं वाक्य होतं — सर, मी इथे नव्हते. मी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "थँक यू, सर."

शांताक्का खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले, मेंदीसकट. "दोन वाजल्यापास्नं हलला न्हाईसा बाई. जेवणबी केलं न्हाईसा. तुमी हुतासा म्हणून माझं कुकू ऱ्हायलं." माझ्या पोटात बिर्याणी होती. मी हात सोडवून घेतले आणि संडासात जाऊन उलटी केली.

आता तुम्ही जे प्रश्न विचाराल ते सगळे मी स्वतःला विचारून झाले आहेत. अमितनं केलं असेल का? त्याला मी त्याच दिवशी आडून आडून विचारलं. तो साप चावलेल्या एका मुलीबरोबर पाच वाजेपर्यंत खाली अडकला होता. वॉर्डातून त्याला फोनच आला नव्हता, म्हणून त्याला वाटलं, मी लवकर परत आले असेन. मीच मध्ये येऊन गेले आणि ताणामुळे विसरले का? मग चार दहाच्या फोटोत कोण आहे? माने सिस्टरांनी मला वाचवायला सगळं रचलं का? त्या मला वाचवणाऱ्या नव्हेत, आणि माझं अक्षर त्या कुठून आणणार? लॅबमधल्या वहीत रिपोर्ट हातोहात नेल्याची सही होती, दोन वाजून पाच मिनिटांची. तीही माझी.

लॅबच्या दारावर कॅमेरा आहे. त्याचं चित्रण पंधरा दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. मागितलं असतं तर दाखवलंही असतं. पण मागायला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की मी त्या वेळी कुठे होते हेही ओघानं आलंच. मी पंधरा दिवस रोज त्या कॅमेऱ्याखालून ये-जा केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. सोळाव्या दिवशी मला नीट झोप लागली. मी किती पाण्यात आहे ते यावरून तुम्हाला कळलं असेल.

त्याहून वाईट पुढेच होतं. आमच्या विभागाच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, त्यांनी गुरुवारच्या बैठकीत ही केस मला सगळ्यांसमोर मांडायला सांगितली. 'वेळेवर ओळखलेला धोका' असं काहीतरी नाव होतं. मी बापूंची फाइल घरी नेऊन परीक्षेसारखी पाठ केली. ज्या दुपारी मी पेढे खात होते त्या दुपारी मी काय काय केलं, हे मी फाइलमधून शिकले. पन्नास डॉक्टरांसमोर उभी राहिले आणि धडाधडा बोलले. शेवटी मोठ्या मॅडमनी विचारलं, "मला सांग, नाडी चव्वेचाळीस लागली त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं?"

फाइलमध्ये याचं उत्तर नव्हतं. मी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "भीती वाटली, मॅडम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या नागोबाला बिळात किती कोंडल्यासारखं होत असेल याचा विचार कधी केला नव्हता.

त्या दिवसापासून मी आधी नोंदी भरणं कायमचं सोडलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तीन आठवडे सोडलं होतं. मग एका ड्युटीला ओळीनं बारा नवे पेशंट आले आणि मी पुन्हा दोन-चार-सहा भरून टाकलं. भरलं आणि खुर्चीत बसून राहिले. खरं सांगते, मी वाट बघत होते... कोणी येतंय का, येऊन रेघ मारतंय का. कोणी आलं नाही. अर्ध्या तासानं उठले, प्रत्येक खाटेपाशी गेले, बीपी पाहिलं आणि माझ्याच हातानं रेघा मारल्या. सोडलं ते तेव्हा.

बापू घरी गेले. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायला लागले, आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. मी मागच्या जिन्यानं जायला लागले. शांताक्का दोनदा वॉर्डात येऊन माझ्यासाठी खरवसाचा डबा ठेवून गेल्या. तो मी सिस्टरांना वाटून टाकला. माझ्या घशाखाली उतरला नसता. अशी दोन वर्षं गेली. निखिल सर पास होऊन त्यांच्या गावी गेले आणि मी तिसऱ्या वर्षाला आले. नव्या मुलांना मी आधी बीपी पाहून मगच कागद भरायला शिकवते तेव्हा ती मला घाबरतात. माझ्या पाठीमागे मला 'खडूस' म्हणतात हेही मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात माझी डायलिसिस विभागात पोस्टिंग लागली. आता मागचा जिना कामाचा नव्हता. पहिल्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, बापू खिडकीजवळच्या खाटेवर होते. एका हातातून नळ्या यंत्रात गेलेल्या, दुसऱ्या हातात रिकामा कप. शांताक्का औषधं आणायला बाहेर गेल्या होत्या. मी स्टूल ओढलं आणि बसले. आता नाही तर कधीच नाही, हे कळत होतं.

"बापू, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की."

"त्या रविवारी मी वॉर्डात नव्हते. बहिणीची मंगनी होती, तिकडे गेले होते. कागद मी आधीच खोटा भरून ठेवला होता. जीव घाबरतोय असं तुम्ही म्हणालात, तरी गेले. तुम्हाला वाचवलं ती मी नव्हे. कोण होती ते मला माहीत नाही. पण मी नव्हते."

एका दमात बोलले. बापूंनी कप शेजारच्या टेबलावर ठेवला, सावकाश, सांडू नये तसा, रिकामा असून.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना मी काय म्हणाले ते कळलंच नाही. "काय ठाऊक आहे?"

"त्या तुमी न्हवतासा त्ये. तोंड त्येच, आवाज त्योच. शांतीला काय कळलं न्हाय, सिस्टरबाईस्नी बी न्हाय. पर खाटंवर मी हुतो न्हवं? तुमी यायचासा तवा कागदाकडं बघून बोलायचासा. त्या आल्या, आन माझ्याकडं बघून म्हनल्या, बापू, काय हुतंय नेमकं, सांगा मला. तवाच वळखलं, ह्या येगळ्या हायत."

मला विचारायचं होतं की मग त्या कोण होत्या. तोंडातून दुसरंच आलं. "मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाहीत?"

"त्येनीच सांगितलं हुतं. जाताना वाकून म्हनल्या, ती येईल, आपणहून सांगंल. तवर तिला काय बोलू नका." बापूंनी खिडकीबाहेर बघितलं. तिथून मागचा जिना दिसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "दोन वरसं झाली की. दर खेपेला इथनं बघतोय, आज येत्याल, उद्या येत्याल. तुमी आपल्या त्या जिन्यानं निघून जातासा. लई येळ लावलासा मॅडम."

मी रडले. नव्या मुलांसमोर, नर्ससमोर, हुंदके देऊन रडले. बापूंनी मला रडू दिलं. मग मोकळ्या हाताची बाही वर सरकवली आणि तो माझ्यापुढे केला.

"बघा वाईच बीपी," ते म्हणाले. "तुमच्या हातानं अजून येकदाबी बघितलं न्हाईसा."

खरं होतं. पहिल्या दिवसापासून एकदाही नाही. मी पट्टा बांधला. कानात ठोके नीट ऐकू येईनात, म्हणून दोनदा पाहिलं. १५६/९०. त्यांना सांगितलं, त्यांच्याकडे बघून, आणि मग कागदावर लिहिलं.

तर हे असं आहे. मोठ्या मॅडमना मी अजून काही सांगितलेलं नाही. परीक्षा महिन्यावर आलीय. हे लिहून झालं की उद्या सकाळी त्यांच्याकडे जायचं असं ठरवलंय. ठरवल्यावर माझं काय होतं ते तुम्ही वाचलंच आहे, पण या वेळी बापूंना तारीख सांगून ठेवलीय, आणि ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

खाली कोणी फरिश्ता म्हणेल, कोणी कुलदैवत म्हणेल, कोणी म्हणेल डॉक्टरीणबाई, तुम्हालाच उपचारांची गरज आहे. सगळं मान्य. अम्मीला परवा पहिल्यांदा सांगितलं, तर तिनं मीठ-मिरच्यासुद्धा घेतल्या नाहीत, नुसती माझा हात धरून बसली. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि ते मिळायची एक जागा होती तिथून मी पंधरा दिवस मान खाली घालून गेले. मला फक्त एवढंच माहीत आहे की ती आली नसती तर बापू अडीच-तीनपर्यंत गेले असते. आणि कागदावर ते सहा वाजतासुद्धा स्थिर असते, खाली माझी सही.